गोठ्यातल्या बाळाचं बारसं

मी खोटं बोलले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट निघाली की नातवंडं एकमेकांना कोपरखळ्या मारतात आणि सून पदराआड हसते. मी सांगितलेलं सगळं पुस्तकातलं होतं. ते घडलं कधी, तेवढंच सांगायचं राहिलं. आणि कुणी विचारलंच नाही, तर आपण होऊन आगाऊपणा कशाला करायचा?

तेव्हा आमच्या भागात निजामाचा अंमल होता. सरकारी मदरशात उर्दू चालायची. आमची शाळा मात्र मराठी, आणि ती गावाबाहेरच्या माळावर, कॅथलिक मिशनच्या आवारात. शाळेला लागून मुलींचं बोर्डिंग. बोर्डिंग म्हणजे एक लांबलचक खोली, दळायची दोन जाती, एक चूल आणि आम्ही सगळ्या. आम्हाला सांभाळायला एक सिस्टर होती. समुद्रापलीकडून आलेली, गोरीपान, आणि मराठी बोलायची ते थेट पोथी वाचल्यासारखं. 'मुलींनो, तुम्ही आपापली मस्तके विंचरलीत काय?' असं ती विचारायची, आणि आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो.

मी बोर्डिंगची मॉनिटर होते. सकाळची घंटा वाजवणं, प्रार्थनेला उभं करणं, दळणाच्या पाळ्या लावणं, उवा बघणं, सगळं माझ्याकडं. पोरी मला मॉनिटर म्हणत नव्हत्या, मुकादमीण म्हणायच्या, कारण माझी जीभ आणि हात दोन्ही सारखेच चालायचे. सगळ्यात कटकटीचं काम पाण्याचं. गावाची विहीर होती, पण दोराला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. घागरी घेऊन लांब उभं राहायचं, आणि कुण्या बाईला दया आली की ती वरून ओतायची. कधी लगेच दया यायची, कधी ऊन डोक्यावर आलं तरी यायची नाही. अशा वेळी पोरींना गप्प उभं करणं म्हणजे मॉनिटरची खरी परीक्षा. आणि मलाच सगळ्यात आधी राग यायचा.

त्या वर्षी लांबच्या शहरातली मास्तरणींची शाळा आमच्यातली एक मुलगी घेणार होती. निवड करणार होत्या मोठ्या मदर, म्हणजे आमच्या सिस्टरच्याही वरच्या. नाताळाला त्या आमच्याकडं येऊन पुढं बारा दिवसांनी येणाऱ्या तीन राजांच्या सणापर्यंत मुक्काम करणार होत्या. मला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, जीव टांगणीला लागला होता, कारण माझ्या बापानं चकलांब्याच्या एका घरी माझ्यासाठी शब्द देऊन ठेवला होता. नवरामुलगा बघितला नव्हता, पण त्याच्या आईची जीभ माझ्यापेक्षा लांब आहे एवढं कानावर आलं होतं. बाप म्हणाला होता, तीन राजांच्या सणाला येतो. तुला मास्तरीण करत असतील तर ठीक, नाहीतर घेऊन जातो. माझा बाप बोलायला कमी होता आणि बोललेलं फिरवायचा नाही.

मोठ्या मदरची अट सरळ होती. शाळा उघडून इतकी वर्षं झाली तरी गावातलं एक माणूस आवारात पाऊल टाकत नाही. नाताळाला जी मुलगी गावातल्या बायका आणून दाखवील, तिच्यात मास्तरणीचा गुण आहे असं त्या समजणार होत्या. आता मॉनिटर मीच, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात.

सिस्टरनं मला आमंत्रणाचं वाक्य पाठ करून दिलं. 'प्रभूच्या जन्माच्या मंगल सोहळ्यास आपण सहकुटुंब उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.' हे वाक्य मी पहिल्या घरी म्हटलं. कुंभारीण मडकं थापटत होती, ती 'बरं' म्हणाली आणि थापटत राहिली. दुसऱ्या घरी तेही म्हणाले नाहीत. तिसऱ्या घरी कुत्रं अंगावर आलं. मला समजलं की हे वाक्य घेऊन मी पार चकलांब्यालाच पोचणार.

पाटलांच्या घरी गेले तेव्हा अंगणात बायका कापूस निवडत बसल्या होत्या. मधोमध पाटलीणबाई. वयानं थोराड, आवाज खणखणीत, आणि गावातल्या बायकांचा शेवटचा शब्द तिचाच. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले, पाठ केलेलं वाक्य गिळून टाकलं आणि गोष्ट सुरू केली. विहिरीवर बायका सांगतात तशीच, हळू आवाजात.

दूरगावचं एक जोडपं आहे म्हटलं. बाईचे दिवस भरलेत. आणि अशात सरकारचा हुकूम निघाला, शिरगणती करायची आहे, ज्यानं त्यानं आपापल्या मूळ गावी जावं. बायकांचे हात थांबले. आमच्याकडंही शिरगणती होऊन गेली होती, तेव्हा सरकार असं काही करील यावर त्यांचा पुरता विश्वास होता. एक म्हणाली, या सरकारला पोटुशी बाई दिसती का. दुसरीनं सरकारला दोन शिव्या घातल्या. मी पुढं सांगितलं की बिचारी गाढवावर बसून आली. गावात एकही दार उघडलं नाही, धर्मशाळेतही जागा मिळाली नाही. शेवटी गोठ्यात उतरले. आणि तो गोठा आमच्या मिशनच्या आवारात आहे. तेही खरंच होतं, कारण गोठा आम्ही आदल्याच दिवशी कडब्याच्या पेंढ्यांनी उभा केला होता.

पाटलीणबाईंचा चेहरा लाल झाला. दारात आलेल्या बाळंतिणीला जागा दिली नाही ते गाव कोणतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाव कसं घेऊ. मग ते काम त्यांनीच केलं. नदीपलीकडच्या गावाशी आमच्या गावाचं जुनं वाकडं, तेव्हा तेच गाव असणार यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि तिथल्या माणसांचा उद्धार सुरू झाला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

निघताना मी म्हटलं, नाताळाच्या दिवशी बाळ होईल, बघायला या. पाटलांची धाकटी सून फार चौकस. कोणत्या दिवशी होणार ते आधीच कसं ठाऊक, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आमच्या सिस्टर सांगतात. त्यावर म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. मडमबाईकडं औषधं असतात, तिला ठाऊक असणारच.

नाताळाच्या दिवशी आम्ही आवार शेणानं सारवलं, रांगोळ्या काढल्या, झेंडूच्या माळा बांधल्या. गोठ्यात एक खरी गाय, कुंभाराकडून आणलेलं गाढव, आणि गवतावर बाळ येशू. बाळ लाकडाचं, जहाजातून आलेलं, गाल गुलाबी आणि एका पायाचा अंगठा तुटलेला. मरियम म्हणून आमच्यातली सगळ्यात गरीब तोंडाची मुलगी बसवली होती. मोठ्या मदर खुर्ची टाकून गावाच्या वाटेकडं तोंड करून बसल्या. आम्ही ढोलकीवर भजनं म्हटली. ती संपली. परत पहिल्यापासून म्हटली. वाटेवर काळं कुत्रंदेखील आलं नाही.

दिवस मावळायला आला तेव्हा एकच बाई आली, तीही धावत. गावची सुईण. काखेत गाठोडं, पदर खोचलेला. आल्या आल्या तिनं चुलीवर पाणी ठेवा म्हणून हुकूम सोडला, पोरींना बाजूला सारलं आणि गोठ्यात शिरली. उशीर झाला गं माय, दुसऱ्या गावाला गेलते, असं पुटपुटत तिनं मरियमच्या पोटाला हात घातला. मरियम किंचाळली. गाढवही ओरडलं. सुईण थबकली. मग तिनं गवतावरचं बाळ उचललं, उलटंसुलटं करून बघितलं, टकटक वाजवून बघितलं, आणि सावकाश वळून माझ्याकडं पाहिलं.

'पाटलाकडं सांगाया आलतीस ती तूच नव्हं?' तिनं विचारलं.

ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला मात्र रडू फुटलं. सगळ्या बायकांना किती कळवळून सांगितलं, तरी एकजणही का आली नाही, असं मी तिला विचारलं. तशी ती डोळे पुसत म्हणाली, 'येडे, सोयरात कोण येतं गं? इटाळ फिटूंदे की.'

मला तर कपाळच बडवून घ्यावंसं वाटलं. घरात बाळ जन्मलं की सोयर लागतं, ते फिटेपर्यंत परकी बाई त्या घराची पायरी चढत नाही, बघायला जातात ते बारशाला. हे आमच्याकडं रांगतं पोरही जाणतं. मी लहानपणापासून बोर्डिंगात. लॅटिन प्रार्थना घडाघडा म्हणत होते आणि आपल्याच मुलखाची रीत विसरले होते. वाट्टेल त्या सणाला बोलावलं असतं तर कदाचित आल्या असत्या, पण मी त्यांना बाळंतपणाला बोलावलं होतं. बाकी आमच्या घरचं पाणी त्या सोयर नसतानाही पीत नव्हत्याच, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मदरनी निकाल दिला. मुलगी चुणचुणीत आहे, पण गावावर तिचं वजन नाही. या वर्षी कुणालाच पाठवायचं नाही असं ठरलं. सिस्टरनं हे मला सांगितलं तेव्हा तिचं पोथीतलं मराठीही अडखळलं. मी त्या दिवशी उवा बघता बघता दोन पोरींचे केस जरा जास्तच ओढले.

तीन राजांच्या सणाला सकाळीच बाप आला. फाटकापाशी बसला, तंबाखू मळली, आणि माझं गाठोडं कुठं आहे म्हणून विचारलं. गाठोडं बांधलेलं होतं. प्रार्थना झाली की निघायचं ठरलं. आत पोरी राजे बनण्यात गुंतल्या होत्या. तिघींना काजळाच्या मिशा काढल्या होत्या, एकीला फेटा, एकीला घोंगडी, आणि तिसरीला कुठून तरी पैदा केलेली रुमी टोपी. गोंड्याची ती तांबडी टोपी सरकारी अंमलदार घालायचे, तेव्हा आमचा तिसरा राजा तहसीलदारासारखाच दिसत होता.

तेवढ्यात गावाकडून गाणं ऐकू आलं. पाळणा म्हणत बायका येत होत्या. पुढं पाटलीणबाई, मागं सुना, कुंभारीण, सगळं गाव. डोक्यावर पाट्या, आणि दोघींनी मधे पाळणा धरलेला. मी आनंदानं उडीच मारली. आणि दुसऱ्याच क्षणी माझी नजर पाट्यांकडं गेली. त्या पाट्यांत बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू होते, खारीक-खोबरं होतं, झबली-टोपडी होती, वाटायला घुगऱ्या होत्या. या बायका जिवंत बाळाच्या बारशाला आल्या होत्या. सुईणीनं गावात एवढंच सांगितलं होतं की मुलगा झाला आणि बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. पाटलीणबाईंनी तिला खुशीचं सूपभर धान्यही दिलं होतं. ती आता सगळ्यांच्या मागं, पदरात तोंड लपवून चालत होती. तीही खोटं बोलली नव्हती म्हणा.

पळून जावं म्हटलं तर फाटकात बाप बसलेला. मोठ्या मदर खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. बायका थेट गोठ्याकडं गेल्या. आमचे तीन राजे भेटी घेऊन गोठ्यासमोर गुडघे टेकत होते, त्यांना पाटलीणबाईंनी हातानं बाजूला केलं. बारशाला बापेमाणसं कशाला, असं म्हणत त्यांनी तहसीलदाराला बाहेर पिटाळलं. मग त्या वाकल्या. गवतावरचं बाळ बघितलं. हात लावून बघितलं. मागची गाणी एकेक करून थांबली.

मरियमला त्यांनी काही विचारलं नाही. मला विचारलं. 'बाळ लाकडाचं हाय.'

'हाय.'

'म्हंजी सगळंच खोटं.'

'न्हाई, पाटलीणबाई. गोष्ट खरी हाय. फकस्त लई जुनी हाय.'

मला वाटलं आता मुस्काटात बसते. पण त्यांनी वेगळंच विचारलं. 'आन् ती माणसं? दारात आलेल्या बाळंतिणीला जागा न देणारी? ती तरी खरी हाईत का?'

माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नव्हती. मी म्हटलं, 'ती आजबी हाईत.'

गोठ्याच्या दाराशी आमच्या घागरी ओळीनं मांडलेल्या होत्या. त्या सकाळी विहिरीवर कुणाला दया आली नव्हती, त्यामुळं सगळ्या रिकाम्या. पाटलीणबाईंची नजर त्या घागरींवर गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगते, बरंही वाटत होतं.

मग त्यांनी पाटीतली कुंची काढली. 'लेकरू उघडं हाय की गं,' त्या म्हणाल्या. 'थंडीचे दिस, आन् कुणाला कसं दिसंना.' त्यांनी बाळाला झबलं घातलं, कुंची बांधली, तुटका अंगठा दुपट्यात झाकला आणि पाळण्यात ठेवलं. एका सुनेनं परत पाळणा म्हणायला सुरुवात केली. डिंकाचा लाडू मरियमच्या हातात दिला. तिनं तो लगेच खाल्ला, भूमिका विसरून.

आता नाव ठेवायचं. नाव ठेवते ती आत्या. या बाळाला आत्या कुठली? बायकांनी सिस्टरकडं बघितलं, मोठ्या मदरकडं बघितलं. पाटलीणबाई म्हणाल्या की बातमी जिनं आणली तीच आत्या, चल, वाक.

आमच्याकडं आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. थट्टेचे असतात, पाठीवर हात टेकवल्यासारखे. मी पाळण्यावर वाकले आणि कुर्रर्र म्हटलं. अहाहा, काय ते धपाटे. कुंभारीण मडकं थापटावं तशी थापटत होती. पाटलांच्या धाकट्या सुनेनं तर चौकशीच्या दिवसाचा हिशेब चुकता केला. सुईणीनं दोनदा रांग लावली. रीतच होती, त्यामुळं मला ओरडायचीही सोय नव्हती. पाटलीणबाईंचा धपाटा शेवटचा, आणि तो बसला तेव्हा बाळाचं नाव माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

मी पाठ चोळत उभी राहिले. पाटलीणबाई मोठ्या मदरकडं वळल्या. बाळ या घरचं, तेव्हा घरधनीण त्याच. रीत समजावून सांगायला त्यांनी सिस्टरला बोलावलं. बारशाला आत्या मागेल ते द्यावं लागतं. आत्या रुसून गेली तर लेकराला बाधतं. मग मला म्हणाल्या, 'माग, काय मागतीस ते.'

मी म्हटलं, 'मला मास्तरणींच्या शाळंत धाडा.'

मोठ्या मदर मान हलवायला लागल्या. निर्णय झालेला होता. सिस्टरनं तोंड उघडलं आणि त्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. ती काय म्हणाली ते मला आजही ठाऊक नाही. पाटलीणबाईंचं बोलणं दोन वाक्यांचं होतं आणि भाषांतर एक चिलीम ओढून होईपर्यंत चाललं. मधे तिनं आवारात दाटलेल्या बायकांकडं हात केला, मग कुंचीतल्या बाळाकडं. मोठ्या मदर बाळाकडं बघत राहिल्या. त्यांच्या मुलखात त्या बाळाला इतक्या वर्षांत कुणी टोपडं घातलं नसणार. त्या हसल्या आणि त्यांनी मान डोलावली.

राहिला माझा बाप. तो मुंडासं हातात घेऊन लांब उभा होता. आपण चकलांब्याला शब्द दिलाय, असं तो खाली बघून म्हणाला. पाटलीणबाईंनी त्याच्याकडं न बघताच घुगऱ्या वाटत विचारलं की चकलांब्याला कुणाला. बापानं घर सांगितलं. तशा त्या म्हणाल्या की चकलांबा त्यांचं माहेर, निरोप त्या धाडतील. जाताना बापानं माझ्या ओंजळीत घुगऱ्या ओतल्या, माझं गाठोडं उचललं आणि परत बोर्डिंगच्या खोलीत नेऊन ठेवलं.

मी मास्तरीण होऊन त्याच शाळेत परत आले. पाटलीणबाईंनी बारशाची फजिती न विसरता आपली धाकटी नात माझ्या हवाली केली. तिला शिकवताना गोष्ट कधीची आहे ते आधी सांग, एवढी ताकीद दिली. मी पहिल्याच आठवड्यात तिला गोठ्याची गोष्ट सांगितली, आणि लई जुनी आहे असं आधीच सांगितलं. पोरगी आजीवर गेलेली. तिनं विचारलं, बाई, कोणत्या गावानं त्यांना जागा दिली न्हाई?

मी पुस्तक मिटलं आणि तिला विहिरीवर घेऊन गेले. बोर्डिंगच्या पोरी घागरी घेऊन नेहमीसारख्या लांब उभ्या होत्या. मी लांबूनच तिला दोर धरायला सांगितला. पाटलांची नात, तिला कोण अडवणार? तिनं एक एक घागर भरली, घाम पुसला आणि माझ्याकडं बघितलं.

'बाई, तुमी का शेंदत न्हाई?'

'हे घरी जाऊन आजीला विचार,' मी म्हटलं.